बाबागाडी घेऊन ब्रॅडगेट पार्क: न्यूटाउन लिनफर्ड गावातून पडक्या वाड्यापर्यंत

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आणि आसपास नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबं पहिल्या काही महिन्यांत हमखास एक प्रश्न विचारतात. घरात तान्हं किंवा दीड-दोन वर्षांचं मूल आहे, भारतातून आई-बाबा आलेत, तर सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना झेपेल असं जायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्रॅडगेट पार्क, आणि तेही न्यूटाउन लिनफर्ड गावाच्या बाजूने.

शहराच्या मध्यापासून वायव्येला साधारण दहा किलोमीटरवर, चार्नवूड फॉरेस्ट नावाच्या टेकड्यांच्या मुलखात हे पार्क आहे. सुमारे ८५० एकरांचं. कंट्री पार्क म्हटल्यावर झोपाळे, घसरगुंडी, फुलांचे वाफे डोळ्यांपुढे आणू नका. इथे खडकाळ टेकड्या आहेत, जुनी ओक झाडं आहेत, नदी आहे, मोकळी फिरणारी हरणं आहेत आणि या सगळ्यामधून जाणारा एक पक्का डांबरी रस्ता आहे. आपल्या कामाचा तो रस्ता. ब्रॅडगेटचे फोटो शोधलेत तर टेकडीवरचा ओल्ड जॉन नावाचा मनोराच सगळीकडे दिसेल. तो पाहून लोक बाबागाडी घेऊन निघतात आणि गवताच्या चढावर अर्ध्या वाटेत अडकतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

१. आधी दरवाजा ठरवा

पार्काला गाड्या लावायच्या मुख्य जागा तीन: न्यूटाउन लिनफर्ड, हॉलगेट्स आणि हंट्स हिल. मोबाइलवर नुसतं ‘ब्रॅडगेट पार्क’ टाकलंत तर नकाशा यांपैकी कुठेही नेऊन सोडेल. म्हणून पूर्ण नाव टाका: न्यूटाउन लिनफर्ड कार पार्क.

हंट्स हिल मनोऱ्याला सगळ्यात जवळ आहे, पण तिथून पुढे गवत, दगड आणि चढ. बाबागाडीसाठी ती जागा विसरा. हॉलगेट्स आपल्या पक्क्या रस्त्याच्याच दुसऱ्या टोकाला आहे, पण तिथून निघालात तर जाताना उतार लागतो आणि परतताना चढ. मूल कंटाळलंय, आजींचे गुडघे बोलायला लागलेत आणि नेमका तेव्हा चढ, हे गणित बरोबर नाही. न्यूटाउन लिनफर्डकडून वाट नदीच्या काठाने जवळपास सपाट जाते, आणि कुठूनही मागे फिरलं तरी परतीची वाट सोपीच राहते.

पार्कात जायला तिकीट नाही. गाडी लावायचे पैसे मात्र पडतात. ते येताना भरायचे की जाताना, यंत्रावर की फोनवरून, हे तिथल्या फलकावर लिहिलेलं असतं. तो फलक वाचल्याशिवाय गाडीपासून हलू नका. या देशात बऱ्याच ठिकाणी कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाची नोटीस काही दिवसांनी टपालाने घरी येते. त्याच फलकावर फाटक बंद व्हायची वेळही असते, तिचा फोटो काढून ठेवा. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो.

ऊन पडलेल्या रविवारी अकरानंतर जागा मिळणं कठीण. दहाच्या आत पोचा. जागा नाही म्हणून गावातल्या कुणाच्या दारापुढे किंवा रस्त्याकडेच्या हिरवळीवर गाडी चढवू नका. गावकऱ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो.

२. पोचायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. एक, भारतीय परवान्यावर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर इथला परवाना काढावाच लागतो, आणि त्याची परीक्षा द्यायला वेळ लागतो, म्हणून मुदत संपायची वाट पाहू नका. दोन, मुलाची कार सीट. वय १२ वर्षं किंवा उंची १३५ सेंटीमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर मुलाला त्याच्या मापाची सीट लागते. उंचीनुसार निवडायच्या सीटमध्ये बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करून बसलं पाहिजे. मागे तोंड असलेली सीट पुढच्या आसनावर ठेवायची असेल तर तिथली एअरबॅग बंद केलेली हवी. मांडीवर घेऊन बसायची आपली सवय इथे चालत नाही. आई-बाबांना हे निघायच्या वेळी दारात नाही, आदल्या दिवशी शांतपणे सांगा. ‘एवढंसं तर अंतर आहे’ हा वाद मग होत नाही.

थंडीत अजून एक काळजी. फुगीर जाकीट घालून बाळाला कार सीटमध्ये बसवलं की पट्टे घट्ट वाटतात, पण आत जाकिटाचा फुगवटाच असतो. जाकीट काढा, पट्टे अंगासरशी आवळा आणि वरून पांघरूण घाला.

बसने येणार असाल तर त्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा. रविवारच्या आणि सुट्टीच्या फेऱ्या वेगळ्या असतात. बसमध्ये बाबागाडीसाठी मोकळी जागा असते, पण चाकाच्या खुर्चीतला प्रवासी आला तर त्या जागेवर त्याचा हक्क पहिला. तेव्हा गाडी घडी करावी लागते. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हाताने घडी, हे घरी करून बघा.

३. बाबागाडी कोणती न्यावी

मुख्य रस्ता डांबरी असल्यामुळे साधी हलकी, छत्रीसारखी घडी होणारी गाडीही चालते. ब्रॅडगेटचं हे मोठं सुख आहे. इतर बऱ्याच ठिकाणी तिची छोटी चाकं खडीत रुततात. हवा भरलेली मोठी चाकं असलेली गाडी असेल तर कडेच्या गवतावरही थोडं जाता येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आडवं झोपवता येईल अशीच गाडी हवी. नवी घ्यायची घाई करू नका. चॅरिटी शॉपमध्ये आणि ओळखीच्यांकडे उत्तम वापरलेल्या गाड्या मिळतात. घेताना ब्रेक, कमरेचे-खांद्याचे पट्टे आणि घडीची कडी एवढं तपासा.

निघण्यापूर्वी ब्रेक एकदा उतारावर दाबून बघा. ही वाट नदीच्या काठाने जाते, आणि फोटोसाठी थांबताना आपण दोन्ही हात सोडतो. थांबलात की ब्रेक लावा आणि गाडी उताराला आडवी उभी करा, तोंड उताराकडे नको. मुठीला मनगटात अडकवायचा पट्टा असेल तर तो अडकवा.

हमखास घडणारा प्रकार म्हणजे जड पिशवी मुठीला लटकवायची आणि मग मुलाला उचलायचं. वजन मागे जातं आणि गाडी उलटते, गरम पाण्याच्या थर्माससकट. पिशवी खालच्या जाळीत ठेवा किंवा पाठीवर घ्या.

बाबागाडीसोबत एक बाळझोळीही असू द्या. पडक्या वाड्याच्या आवारात असमान जमीन आहे, नदीकाठी उतरावंसं वाटतं, आणि मूल कधी गाडीत बसायलाच तयार नसतं.

४. पिशवीत काय काय

- डायपर, पुसण्या, वापरलेले डायपर बांधायच्या पिशव्या, बाळाचे कपड्यांचे दोन जोड.
- बाबागाडीचं पारदर्शक रेनकव्हर. अंदाज कोरडा असला तरी.
- टोपी, मोजे, पातळ पांघरूण. बसून राहिलेल्या मुलाला चालणाऱ्या माणसापेक्षा जास्त थंडी वाजते. दर थोड्या वेळाने मानेमागे हात लावून बघा. हाताची बोटं गार असली तरी मान उबदार असेल तर ठीक.
- थर्मासमध्ये गरम पाणी, बाळाची वाटी-चमचा, मऊ भात किंवा खिमट.
- मोठ्यांसाठी दशम्या, चटणी, थालीपीठ. रस्त्यात कॅफे आहे, पण तिथे रांग असते, आणि वडीलधाऱ्यांना वेळेवर खायला लागतं.
- बँकेचं कार्ड, पुरेसं चार्ज केलेला फोन, आधीच उतरवून घेतलेला नकाशा.
- मुलाची नेहमीची औषधं. तातडीच्या संकटासाठी ९९९, तातडी नसलेल्या आजाराच्या सल्ल्यासाठी १११. हे दोन आकडे आई-बाबांच्या फोनमध्येही टाकून ठेवा.
- बारीक टोकाचा चिमटा. कशासाठी ते शेवटी सांगतो.

उन्हाळ्यासाठी एक सूचना, कारण आपल्याकडे हे सर्रास करतात. बाळाला ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं झाकू नका. पातळ कापडानेही आतली हवा कोंडते आणि आतली उष्णता फार लवकर वाढते. गाडीला अडकवायची छत्री वापरा, सावलीतून चाला, आणि रेनकव्हर उन्हात काढून ठेवा.

५. आधी गाव बघा

बहुतेक लोक गाडी लावून थेट पार्कात शिरतात. मी म्हणेन आधी पंधरा-वीस मिनिटं गावात काढा. मूल ताजंतवानं असतं आणि सकाळी रस्त्यावर गर्दी नसते.

न्यूटाउन लिनफर्ड हे एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसलेलं गाव. काही घरं लाकडी चौकटींची, मधल्या जागा भरून काढलेल्या. काहींवर गवताचं शाकारलेलं छप्पर. पण मुलांना आणि आजी-आजोबांना मी नेहमी पाट्यांची छपरं दाखवतो. जवळच्या स्विथलंडच्या खाणींतून पूर्वी निघालेल्या पाटीच्या दगडाची ती छपरं. नीट बघा: खाली वळचणीला मोठ्या, जाड पाट्या आणि वर आढ्याकडे जाताना त्या लहान लहान होत जातात. खाणीतून निघेल तो आकार वाया न घालवता वापरायची ही रीत.

तोच दगड चर्चच्या आवारात थडग्यांवर दिसतो. ऑल सेंट्स हे गावाचं चर्च. स्विथलंडच्या दगडाची पुढची बाजू घासून गुळगुळीत करत आणि मागची तशीच खडबडीत ठेवत. त्यावर कोरलेली अक्षरं अडीचशे वर्षांनंतरही धारदार असतात, वळणदार लपेट्यांसकट. वाचता येण्याच्या वयाची मुलं असतील तर सालं शोधायला लावा. आवारात शांतता पाळा, थडग्यांवर टेकू नका, आणि बाबागाडी गवतात न नेता वाटेवरच ठेवा.

गावात सावध राहायची जागा म्हणजे फुटपाथ. तो काही ठिकाणी अरुंद आहे आणि शेजारून वाहनं वेगाने जातात. जुळ्यांची शेजारी-शेजारी आसनांची गाडी असेल तर गावाचा फेरफटका आळीपाळीने करा. चालणारं मूल नेहमी आतल्या बाजूला. गावात क्रिकेटचं मैदानही आहे. उन्हाळ्यात सामना चालू असला तर आजोबा तिथून हलणार नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

६. नदीकाठचा रस्ता

पार्काच्या फाटकातून आत आलात की डांबरी रस्ता लिन नदीच्या सोबतीने चालू लागतो. नदी म्हटलं तरी ओढ्याएवढीच, घोट्याएवढं पाणी, लहान लहान धबधबे. थोडं पुढे दोन्ही बाजूंनी खडक जवळ येतात आणि घळ तयार होते. तिला लिटल मॅटलॉक म्हणतात. इथे घाई करू नका.

हे खडक ५६ कोटी वर्षांहून जुने, समुद्रातल्या ज्वालामुखींच्या राखेपासून तयार झालेले. याच चार्नवूडमधल्या एका खाणीत १९५७ साली रॉजर मेसन नावाच्या शाळकरी मुलाला खडकावर पानासारखा ठसा दिसला. एवढ्या जुन्या खडकांत जीवाश्म असूच शकत नाहीत, असं तोवर शास्त्रज्ञ मानत होते. त्या जीवाला आता चार्निया म्हणतात, आणि तो ठसा लेस्टरमधल्या न्यू वॉक रस्त्यावरच्या लेस्टर म्युझियम अँड आर्ट गॅलरीत ठेवला आहे. त्याच्या आदल्या वर्षी टीना नेगस या मुलीने तोच ठसा पाहिला होता. तिने शिक्षिकेला सांगितलं, पण तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. पाऊस पडत असला तर म्युझियममध्ये जा, तिथेही बाबागाडी चालते, आणि ही गोष्ट मुलांना तिथेच सांगा. पार्कातले खडक मात्र फोडायचे, खरवडायचे नाहीत.

घळीच्या जवळच पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची गारगोटीची हत्यारं सापडली आहेत. वरून नजर ठेवायला आणि खालून जाणारे कळप गाठायला ही जागा सोयीची, हे तिथे उभं राहिलं की सहज पटतं.

रस्त्याच्या कडेने दगडी भिंती दिसतील, चुना-माती न लावता नुसते दगड रचून केलेल्या. आपल्या कोकणातले गडगे आठवतील. त्यांवर मुलांना चढवू नका, दगड सुटे असतात.

नदीत पाय बुडवायला मुलं धावतील. उन्हाळ्यात उथळ जागी हरकत नाही, पण खालचे दगड शेवाळलेले असतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हात धरूनच उतरवा, आणि बाबागाडी काठापासून लांब, रस्त्यावर, ब्रेक लावून. पावसानंतर याच नदीला जोर येतो. तेव्हा लांबूनच बघा.

कुत्र्यांबद्दल. इथे पुष्कळ लोक कुत्री घेऊन येतात. पार्काच्या काही भागांत कुत्रं पट्ट्याला बांधलेलं लागतं, काही भागांत मोकळं चालतं. मूल घाबरत असेल तर मालकाला सरळ सांगा की मूल घाबरतं, जरा धरता का. कुणी वाईट वाटून घेत नाही. मुलाला पळू देऊ नका, पळणाऱ्या मुलामागे कुत्रं खेळ म्हणून धावतं.

७. वाडा, आणि तिथली मुलगी

गावापासून सव्वा-दीड किलोमीटरवर डाव्या हाताला लाल विटांचे उंच बुरूज आणि पडक्या भिंती दिसतात. हा ब्रॅडगेट हाउस. पंधराव्या शतकाच्या शेवटी थॉमस ग्रे या सरदाराने बांधायला घेतला आणि १५२० च्या सुमारास त्याच्या मुलाने पुरा केला. तटबंदी नाही, खंदकाचा धाक नाही. लढण्यासाठी नाही तर राहण्यासाठी बांधलेला, आणि तोही विटांचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे नवं होतं. अठराव्या शतकात ग्रे कुटुंब हा वाडा सोडून गेलं आणि तो ढासळत गेला.

या घराण्यातली लेडी जेन ग्रे इथेच जन्मली असं परंपरेने सांगतात, साल १५३६ किंवा १५३७. तिचं बालपण मात्र याच वाड्यात गेलं. १५५० मध्ये रॉजर ॲस्कम हे विद्वान गृहस्थ तिला भेटायला आले, तेव्हा घरचे सगळे याच पार्कात शिकारीला गेले होते आणि तेरा-चौदा वर्षांची जेन खोलीत ग्रीक तत्त्वज्ञानाचा ग्रंथ मुळातून वाचत बसली होती. सगळ्यांबरोबर का गेली नाहीस, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की वाचनात जो आनंद आहे त्यापुढे तो खेळ म्हणजे नुसती सावली. पुढे मोठ्यांच्या राजकारणात तिला इंग्लंडच्या गादीवर बसवलं गेलं. १० ते १९ जुलै १५५३, एवढंच तिचं राज्य. १२ फेब्रुवारी १५५४ ला लंडनच्या टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद झाला. वय सोळा-सतरा.

ही हकीकत वाड्यासमोरच्या बाकावर बसून आई-बाबांना सांगा. इंग्लंडच्या राजाराण्यांची नावं त्यांना परकी वाटतात, पण घरच्यांनी ठरवलेल्या वाटेवर जावं लागलेल्या हुशार मुलीची गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. वाड्याच्या आसपास बुटक्या, जाड बुंध्यांचे, शेंडे छाटलेले जुने ओक दिसतील. जेन गेल्यावर शोक म्हणून त्यांचे शेंडे उतरवले, अशी इथली आख्यायिका आहे. खरं तर अशी छाटणी लाकडासाठी ठरावीक काळाने करायचेच, पण त्या झाडाखाली उभं राहिलं की आख्यायिका का टिकली ते कळतं.

वाड्याचं आतलं आवार ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेतच उघडतं. बंद असेल तर बाहेरूनही भरपूर दिसतं, तेवढ्यासाठी दिवस मोडला असं वाटून घेऊ नका. उघडं असेल तर बाबागाडी बाहेर ठेवून बाळाला झोळीत घ्या. आतल्या प्रार्थनाघरात हेन्री ग्रे यांची संगमरवरासारख्या दगडाची समाधी आहे. ते १६१४ मध्ये वारले.

८. विश्रांती, खाणं, स्वच्छतागृह

वाड्याजवळच डिअर बार्न नावाचा कॅफे आहे आणि तिथे स्वच्छतागृहही आहे. न्यूटाउन लिनफर्डच्या पार्किंगपाशी एक आहेच. निघताना आजी-आजोबांना तिथे एकदा जाऊन यायला सांगा, कारण मध्ये काही नाही. बाळाची बाटली गरम करायला कॅफेत गरम पाणी मागितलं तर देतात. संकोच करू नका, इथे हे नेहमीचं आहे.

नव्या आयांना मुद्दाम सांगतो: बाळाला पाजायला स्वच्छतागृहात जाऊन बसू नका. कॅफेत, बाकावर, कुठेही पाजण्याचा हक्क इथे २०१० च्या समानता कायद्याने दिलेला आहे आणि कुणी उठवू शकत नाही. अंगावर ओढणी घ्यायची की नाही हे तुमच्या सोयीनं ठरवा.

डबा बाहेर गवतावर बसून खाता येतो. शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवायची परवानगी नाही; कोरड्या उन्हाळ्यात टेकडीवरचा नेचा क्षणात पेट घेतो. उरलेलं अन्न हरणांसाठी टाकू नका. संत्र्याची सालं आणि पिशव्या बरोबर परत न्या.

९. हरणं

पार्कात रेड डिअर आणि फॅलो डिअर अशा दोन जाती आहेत. रेड डिअर सांबराएवढे थोराड, फॅलो आपल्या चितळासारखे लहान, उन्हाळ्यात बऱ्याच जणांच्या अंगावर ठिपके. ती पिंजऱ्यात नाहीत आणि माणसाळलेलीही नाहीत. रस्त्याच्या कडेला निवांत चरताना दिसली की लोक मुलाला घेऊन फोटोसाठी जवळ जातात. किमान ५० मीटर अंतर ठेवा. मुलाला खाली सोडून ‘जा, हात लाव’ हे मुळीच नको.

दोन काळ विशेष जपायचे. ऑक्टोबरात माजावर आलेले नर डरकाळ्या फोडतात, एकमेकांना भिडतात आणि मध्ये काय आहे ते बघत नाहीत. तो आवाज ऐकण्यासारखा आहे, पण पक्क्या रस्त्यावरूनच ऐका. आणि जूनच्या आसपास माद्या पिल्लं देतात आणि त्यांना नेच्यात लपवून चरायला जातात. एकटं पडलेलं पिल्लू दिसलं तर ते टाकलेलं नसतं, आई जवळच असते. हात लावू नका, थांबूही नका, पुढे चला.

१०. मागे कुठे फिरायचं

वाड्यापासून मागे फिरलात तर जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आसपास चाल होते. पहिल्या खेपेला एवढीच ठेवा. मूल झोपलेलं असेल आणि सगळ्यांच्या पायांत जोर असेल तर रस्ता तसाच पुढे धरा. उजव्या हाताला क्रॉप्स्टन जलाशयाचं पाणी दिसतं. त्यापुढे हॉलगेट्सकडे चढ लागतो. गाडी ढकलताना चढाच्या पायथ्याशीच ठरवा की जायचं की नाही. हॉलगेट्सपर्यंत जाऊन परतलात तर एकूण चाल पाच किलोमीटरच्या जवळपास जाते.

डांबरी रस्ता सोडून बाजूच्या पायवाटा भुरळ घालतील. पावसाळी दिवसांनंतर त्या चिखलाच्या असतात. शिवाय या देशात शेतांतून जाणाऱ्या वाटांवर तीन अडथळे भेटतात: लाकडी पायऱ्या चढून ओलांडायचा कुंपणाचा टप्पा, ज्याला स्टाइल म्हणतात, एकेका माणसाने आत शिरून फिरवायचं किसिंग गेट, आणि जमिनीत आडव्या सळ्या बसवलेलं कॅटल ग्रिड. पहिल्यावरून बाबागाडी उचलून न्यावी लागते, दुसऱ्यात मोठी गाडी अडकते, तिसऱ्यावर छोटी चाकं सळ्यांमध्ये जातात. कॅटल ग्रिडच्या शेजारी बहुधा साधं फाटक असतं, ते वापरा आणि मागे बंद करा.

११. ओल्ड जॉनचं काय

मनोरा २१२ मीटर उंचीच्या टेकडीवर आहे, १७८४ साली बांधलेला. बाजूच्या कमानीमुळे तो दांड्याच्या मगासारखा दिसतो. बाबागाडी घेऊन तिथे जायचा हट्ट करू नका. मोठी माणसं दोन असतील तर एकाने वाड्यापाशी मुलाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने जाऊन यावं, किंवा मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर हंट्स हिलकडून हात धरून न्यावं. टेकडीवर एका माणसाच्या स्मरणार्थ लावलेला फलक आहे: चार्ल्स बेनियन. लेस्टरच्या जोडे बनवायच्या यंत्रांच्या धंद्यातला हा माणूस. ग्रे घराण्याच्या वारसांकडून १९२८ मध्ये त्याने हे पार्क विकत घेतलं आणि लेस्टरशरच्या लोकांना कायमचं देऊन टाकलं. तेराव्या शतकापासून सरदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या जमिनीवर आज तुम्ही, काल या देशात आलेले, कुणाला न विचारता बाबागाडी ढकलत जाता, ते त्या दानामुळे. म्हणून पार्किंगचे पैसे भरताना मला कधी जड वाटत नाही. या जागेची राखण त्यातूनच होते.

१२. घरी आल्यावर

हरणं आणि नेचा आहे तिथे गोचिडी असतात, आणि त्यांच्या चाव्यातून आजार होऊ शकतो. रस्त्यावरच राहिलात तर भीती कमी, पण मुलं गवतात लोळतातच. घरी आल्याबरोबर, आंघोळीच्या वेळी, सगळ्यांचं अंग तपासा: गुडघ्यांच्या मागे, काखेत, जांघेत, कानांमागे, केसांच्या कडेला. बाळाच्या डायपरच्या कडेलाही. खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका पुसून जात नसेल तर तो गोचीड असू शकतो. चिमट्याने कातडीच्या जितकं जवळ धरता येईल तितकं धरा आणि पिळ न देता सरळ वर ओढा. तेल, तूप, आगकाडी यांतलं काही लावू नका. मग जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं गोल चट्ट्यासारखं उमटलं, किंवा ताप आणि अंगदुखी आली, तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि कुठे, कधी फिरायला गेला होतात ते सांगा. मुलाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याचा फोटोही काढून ठेवा. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतो, आपल्या सावळ्या रंगावर मात्र फिका किंवा जांभळट दिसू शकतो, त्यामुळे लालसरपणाची वाट बघत बसू नका.